तोंडात काढता येण्यासारखं काही

सोमवार, ४ मे

खोटं लिहिलं. रकाना सात. "तोंडात काढता येण्यासारखं काही आहे का? तार, कवळी, इतर." आणि मी पठ्ठ्याने ठसठशीत "नाही" लिहिलं. खाली सहीसुद्धा ठोकली.

पण लिहिणार तरी काय? चिंगी खांद्याशी उभी राहून वाचत होती. तिने स्वतःच्या कागदावर "हो" लिहिलं, तिथल्या तिथे तोंडातून रिटेनर काढला, डबीत टाकला, डबी काउंटरवर ठेवली. दातांवरची तार निघाली की दात परत सरकू नयेत म्हणून घालतात तो रिटेनर — मीच बनवून दिलाय. दोन सेकंदांचं काम. माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला जमलं. मी एकावन्न वर्षांचा घोडा, दातांची लॅब चालवतो, शहरातले निम्मे दंतवैद्य मला मापं पाठवतात. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कवळीबरोबर माझ्या अक्षरात चिठ्ठी जाते — पोहताना काढून ठेवावी!

वरचे पुढचे चार. तेविसाव्या वर्षी गेले. अपघात, मारामारी असलं सांगण्यासारखं काही नाही. हिरड्या कुजल्या, निव्वळ आळसाने. तेव्हा नुकता कामाला लागलो होतो. माझं पहिलं बरं जमलेलं काम माझ्याच तोंडात गेलं. हिला लग्नाआधी सांगितलं होतं, तेवढं धाडस केलं. बाकी कुणालाही माहीत नाही. आईला तर नाहीच. पंच्याहत्तर पुरी होतायत, अजून अक्रोड दाढेखाली घालून फोडायला बघते आणि येईल त्याला ऐकवते, "आमच्या घरात दात मरेपर्यंत टिकतात." लॅबमध्ये गिऱ्हाईक आलं की मीही ओठ मागे ओढून दाखवतो — "माझे सगळे माझेच!" एका अर्थी खरंच आहे म्हणा. मीच तर बनवलेत.

असो. सहल आईच्या पंच्याहत्तरीची. आई, दादा, वहिनी, चिंगी, मी. ही आली नाही, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. जहाज म्हणजे तरंगतं गावच आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर नकली लाट, तिच्यासाठीच तो कागद भरून घेतला! निळ्या रबराचा उतार, खालून पंप पाणी असं फेकतात की ते उतारावरून वर पळत सुटतं. त्या पळत्या पाण्यावर फळी टाकून उभं राहायचं. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पण पडलात की धोब्याने कपडा आपटावा तसं आपटून वरच्या काठाला नेऊन टाकतं.

शेवटच्या सोमवारी स्पर्धा आहे. घरटी दोघं — एक विशीच्या आतला, एक पन्नाशीच्या पुढचा. जहाजावर पाय ठेवून तास झाला नसेल, चिंगी म्हणाली, "बाबा, आपण दोघं." दादाचा गुडघा गेलाय, म्हणून माझा नंबर लागला असेल. असेना का. बारावीनंतर तिने मला कशाततरी जोडीला घेतलंय!

शिकवणारी बाई तिशीची, उन्हाने नाक सोललेलं, आवाज खणखणीत. आईने लगेच नाव पाडलं — लाटवाली. पाण्यात उतरवण्याआधी तिने सगळ्यांकडून वदवून घेतलं. "काही पडलं, काही दिसलं, काही नुसतं वाटलं, तरी दोन्ही हात वर आणि 'थांबा!' मी बटण दाबते, पाणी बंद. लाजायचं नाही." मग माझे दोन्ही हात धरून मला उभं केलं. "गुडघे वाकवा काका! नजर माझ्याकडे, पायांकडे नाही!"

नऊ वेळा पडलो. आई खुर्चीत बसून नऊ वेळा टाळ्या वाजवत होती. बऱ्याच वर्षांत इतकी मजा आली नव्हती. चार दात जागेवर.

मंगळवार, ५ मे

कंबर आहे की गेली ते चाचपून पाहिलं. आहे. दुखतेय म्हणजे आहेच.

दिवसभर आरामखुर्चीत. चिंगी शेजारी. सुट्टीत ती लॅबमध्ये येऊन बसते, तारा वाकवायला शिकवल्यात तिला. आज कसल्याशा पावतीची क्लिप काढून तिने सरळ केली आणि बोटांनी माझ्यासारखा आकडा वळवून दाखवला. दाताला धरून ठेवणारा तो आकडा मी शेवटी जरा आत मुरडतो, दुसरं कुणी मुरडत नाही. "वळसा म्हणजे कारागिराची सही! असं कोण म्हणतं?" — माझा आवाज काढून. हुबेहूब! मी छाती फुगवून घेतली.

केबिन आम्हा दोघांत एक. न्हाणीघराला कडी लावून दात घासतो. एकोणीस वर्षांची सवय.

बुधवार, ६ मे

काय करून बसलो मी.

क्रमाने लिहितो. सकाळी दुसरा धडा. तिसऱ्या खेपेला उभा राहिलो — एकटा, कुणाचा हात न धरता. लाटवाली मोजत होती. पाच, सहा, सात! सातवर मी हसलो. तोंड उघडून, आ वासून, आईकडे बघत. आणि आडवा झालो. पाण्याने गुंडाळून वर नेलं. काठाला लागलो तेव्हा जीभ पुढे गेली आणि गेलीच, आडवं यायला काही नव्हतं.

तळहात तोंडावर गेला. आपोआप गेला. चिंगी काठावर फळी घेऊन तयार, तिचा नंबर. "सात सेकंद, बाबा!" असं ओरडून ती उतरली. मला बघायला वेळ होता. ओरडायला होता. दोन्ही हात वर करायचे होते — एक तोंडावर होता! दुसराही केला नाही. मनात काय आलं ते लिहितोच, लिहायलाच हवं: आत्ता पाणी थांबवलं तर कवळी रबरावर पडलेली दिसेल. सगळ्यांना दिसेल. आईला दिसेल. चालू राहिलं तर वाहून जाळीत जाईल, कुणाला कळणार नाही.

चिंगी पडली नाही, फळीवरून पाय खाली टेकला फक्त. आणि किंचाळली. त्या पातळ पाण्यात लाल रेघ वर पळाली. लाटवालीने बटण दाबलं, धावली, चिंगीला लहान मुलासारखं उचललं. तळव्याला खोल चीर. माझ्या कवळीचा आकडा. दुसरं काय असणार?

चिंगी एकदा ओरडली, मग गप्प झाली. उजवी मूठ घट्ट आवळलेली. कळ दाबत असेल बिचारी.

"मी टॉवेल घेऊन येतो," असं हातामागून पुटपुटून मी पळालो. टॉवेल! केबिनमध्ये जाऊन आधी दाढीच्या पिशवीतून जुनी कवळी काढली. पाच वर्षांपूर्वीची, ढिली झाली म्हणून बाजूला ठेवलेली. ती बसवली. आरशात पाहिली. नीट बसली का ते पाहिलं! मग टॉवेल घेतला, मग दवाखाना. तोवर तीन टाके घालून झाले होते. तिचा हात लाटवालीने धरला होता.

संध्याकाळ

यंत्र बंद करून त्यांनी सगळा मजला पिंजून काढला. काही सापडलं नाही. जाळीतून गेली असणार. सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं.

गुरुवार, ७ मे

दादा कारखाना निरीक्षक होता. निवृत्त झाला, निरीक्षण सुटलेलं नाही. सकाळी नाश्त्याला दोन पानी तक्रार लिहूनच आला — "धडा सुरू करण्यापूर्वी मजल्याची तपासणी न केल्याने टोकदार वस्तूमुळे इजा." मुद्दे एक ते सहा. "मुलीचा बाप तू, सही तुझी हवी."

म्हटलं, "जाऊ दे ना दादा, बरी आहे ती."

"जाऊ दे? उद्या कुणाचा डोळा जाईल!"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा स्वभाव फार भिडस्त." आणि तोंडातली जुनी कवळी बोलताना टकटक वाजते, म्हणून जास्त बोलायची सोय नाही. मी सही केली. इथे पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर "आठवत नाही" म्हणायला नको: मी सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि हुकमावर सही चोराची!

दुपारी लाटवाली आमच्या केबिनवर आली. गणवेश नव्हता, साधा सदरा. कामावरून थांबवलंय तिला. दारातच उभी राहिली. चिंगीला म्हणाली, "माफी मागायला आले." मग माझ्याकडे वळून, "काका, मी रोज सकाळी सगळा उतार हाताने चाचपते. कालही चाचपला होता. कसं राहिलं कळत नाही." शनिवारी जहाज बंदराला लागेल तेव्हा ठरवतील म्हणे, ठेवायचं की उतरवायचं. आणि एकदा असं उतरवलं की दुसरं कुठलं जहाज घेत नाही.

मी काय म्हणालो? "होतं असं कधीकधी." तिचा सोललेल्या नाकाचा चेहरा समोर, आणि मी तिला माफ केल्यासारखा बोललो!

चिंगी पलंगावरून माझ्याकडे बघत होती. बराच वेळ. मला वाटलं औषधाची गुंगी. "काय गं?" विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. तुला काही म्हणायचंय का?"

"मला? मी काय म्हणणार?"

"बरं," म्हणाली. मग काठी टेकत कुठेतरी निघाली. "जरा हवा खाऊन येते." तासाने आली. मी विचारलं नाही. हल्ली मी कुणालाच काही विचारत नाही, न जाणो उलट प्रश्न यायचा.

शुक्रवार, ८ मे

आज सांगणार होतो. आईचा वाढदिवस निघाला.

निघाला म्हणजे काय! सहलच त्यासाठी आहे. मूर्खासारखं लिहितोय.

जेवताना वेटरांनी मेणबत्त्या आणल्या. फोटोवाला म्हणाला, "हसा!" सगळे हसले. मी ओठ मिटून. आई म्हणाली, "हसत का नाहीस रे? बारशाला आलायस की बाराव्याला?" सगळं टेबल खो खो हसलं. मी मूग गिळून बसलो. मूगच गिळता येतात सध्या, चावता काही येत नाही. सूप, पुडिंग, केळं.

मधेच चिंगीने स्वतःच्या ताटातलं मांस बारीक चिरून, न बोलता, माझ्या ताटात सरकवलं. तिचं बोलणं हल्ली कमीच झालंय. टाके ठणकत असतील.

शनिवार, ९ मे

बंदर. खाली उतरल्या उतरल्या हिला फोन लावला. सासूबाई चालायला लागल्यात. मग सगळं सांगितलं, एका दमात, फोनच्या खांबाला पाठ लावून.

ही म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

"कुणाला तरी सांगायला—"

"कुणाला तरी नाही. जिचा पाय फाटला तिला. जिचं काम जातंय तिला. मी कुठे पडले होते त्या पाण्यात?"

म्हटलं, "आई काय म्हणेल?"

"अहो, आईंच्या दातांपुढे एका बाईची भाकरी गेली तरी चालेल तुम्हाला?" आणि मग, हिच्या त्या ठरलेल्या शांत आवाजात — त्या आवाजाला मी लग्नापासून भितो — "दात नसले तोंडात, जीभ आहे ना?" फोन ठेवला.

तसाच जहाजावर परत आलो. सुरक्षा अधिकाऱ्याचं कार्यालय चौथ्या मजल्यावर. बाहेर बाक. बसलो. काय बोलायचं ते तीनदा घोकलं. आत कुणीतरी होतं. दार उघडलं — लाटवाली! गणवेशात! गळ्यात शिटी! "अरे काका! मला परत घेतलं कामावर. चौकशी संपली." मला वाटतं तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जाता जाता म्हणाली, "तुमची लेक फार धीट आहे हं." तीन टाके रडल्याशिवाय घालून घेतले म्हणून म्हणाली असेल.

आणि मी? बाकावरून उठलो. दारासमोर होतो, चार पावलांवर, दार उघडं. अधिकाऱ्याने मान वर करून विचारलंसुद्धा, "काही काम होतं का?" म्हटलं, "नाही नाही. चुकून आलो."

माझ्याशिवायच मिटलं! आता सांगून कुणाचं भलं होणार होतं? असं स्वतःला समजावत जेवायला गेलो. दोन वाट्या सूप प्यायलो. भूक लागली होती, तीन दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा लाज वाटली नाही, त्याची आत्ता वाटतेय.

हिला निरोप पाठवला, "काम झालं." दोन शब्द. दोन्ही खोटे.

रविवार, १० मे

चिंगी स्पर्धेत उतरणार नाही म्हणाली.

डॉक्टर तर कालच म्हणाले होते, पट्टी बांधून उतरायला हरकत नाही. दादा चेव येऊन बोलला — "तीन टाक्यांना घाबरलीस? आमच्या कारखान्यात बोट तुटलेली माणसं दुसऱ्या दिवशी कामावर यायची!" वहिनी म्हणाल्या, "हल्लीची पिढी नाजूक." सगळे हसले. मीही हसलो, ओठ मिटून. वर म्हणालो, "अगं, माझी लेक ना तू?"

"हो ना," ती म्हणाली. "तुझीच."

आवाजात काही नव्हतं. पण मी नजर वळवली. खाई त्याला खवखवे.

दुपारी लक्षात आलं, तिच्या तोंडात रिटेनर नाही. डबीही दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, "नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"हरवला समज."

आणि मी तिला दहा मिनिटं झापलं! वस्तू सांभाळता येत नाही, दुसऱ्याच्या कष्टाची किंमत नाही, दोन दिवस खपून बनवला होता, तोंडात घालायची वस्तू म्हणजे जबाबदारी असते! बोलता बोलता माझी कवळी टकटक वाजत होती. ती ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "झालं?"

मग कठड्याशी जाऊन उभी राहिली. वरून लाटेचा आवाज येत होता, उद्याच्या स्पर्धेचा सराव चाललेला. मागून तिचा दुखरा पाय दिसत होता, टाच उचलून धरलेली. शेजारी जाऊन उभं राहावं असं फार वाटलं. गेलो नाही. शेजारी उभं राहिलं की बोलावं लागतं.

सोमवार, ११ मे

स्पर्धा झाली. एक आजोबा आणि त्यांची नात जिंकली, आजोबा अकरा सेकंद टिकले. लाटवालीने त्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. आम्ही पाचजण ओळीने खुर्च्यांवर. चिंगी टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसाठी, मनापासून. मला वाटलं होतं तोंड फुगवून बसेल.

लाटवाली दुरून तिला हात करत होती. मधे एकदा फळीकडे बोट दाखवून, खांदे उडवून, वाईट वाटल्यासारखी खूण केली. चिंगीने मान हलवली — चालतं. ह्या दोघींचं काय चाललंय ते मला कळलं नाही.

संध्याकाळी केबिनच्या दारात चिठ्ठी. "उद्या उतरण्यापूर्वी सुरक्षा कार्यालयात यावे. आपल्या कुटुंबाची वस्तू परत घ्यावी."

सापडली! जाळीत अडकलेली असणार. चिठ्ठी खिशात कोंबली, चिंगीला दाखवली नाही. तीन उत्तरं तयार केली आहेत: एक, ही आमची नव्हेच. दोन, नमुना म्हणून बरोबर आणली होती, पिशवीतून पडली असेल. तीन, दंतवैद्याकडे पोचवायची होती. दुसरं बरं वाटतंय.

माणूस किती खाली जाऊ शकतो याचा मला अंदाज नव्हता. अजूनही तळ लागला असं वाटत नाही.

मंगळवार, १२ मे

अधिकाऱ्याने पाकीट पुढे केलं. "मुलीला दोनदा निरोप दिला, ती आली नाही. तुम्हीच न्या." पाकिटात माझी कवळी नव्हती. चिंगीचा रिटेनर होता. सोबत तिच्या अक्षरातला कागद, गुरुवारची तारीख: "रिटेनर काढायला विसरले. पाण्यात पडला आणि माझ्याच पायात घुसला. शिकवणाऱ्या ताईंची काही चूक नाही." खाली अधिकाऱ्याचा शेरा — नियमभंग, लाटेवर बंदी.

रिटेनरचा एक आकडा बाहेर उघडलेला. मी तारेतला माणूस आहे. पडून असा उघडत नाही. भुवया कोरायच्या चिमट्याने धरून उघडलाय, कडेला दोन चरे आहेत.

जुनी कवळी तोंडातून काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. "पायात घुसली ती हिची जोडीदार. माझी." त्याने कोरा कागद दिला. लाटवालीच्या आणि चिंगीच्या नावाने सगळं लिहून दिलं, रकाना सातसकट.

मग तसाच वर. नाश्त्याचं टेबल. सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि सांगितलं. काही अक्षरं नीट उमटली नाहीत, पण समजलं सगळ्यांना. दादाचा चमचा हातात तसाच. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

चिंगीने पिशवीतून कागदी रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या बशीशेजारी ठेवली. आत माझी कवळी, स्वच्छ धुतलेली. बुधवारपासून तिच्याकडेच होती.

"वळसा ओळखला होता," ती म्हणाली. "घाल. ती जुनी फार वाजते."